एक कबर, दोन घरं

आमच्या गावात माणसाला मेल्यावरसुद्धा स्वतंत्र खोली मिळत नाही. आम्ही भाईंदर पश्चिमेचे जुने ख्रिस्ती. मराठी बोलणारे, मिठागरावर आणि भातशेतीवर पिढ्या काढलेले. चर्चच्या मागे आमचं कब्रस्तान आणि त्यात प्रत्येक जुन्या घराची एक कबर. एक म्हणजे एकच. आजोबा गेले की त्यांना तिथं पुरायचं. काही वर्षांनी आजी गेली की तीच कबर उघडायची, आजोबांची हाडं गोळा करून कापडात बांधायची, एका बाजूला ठेवायची आणि तिथंच आजीला निजवायचं. समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये गिरगावातून राहायला आलेल्या शेजारीणबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही. जन्मभर ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच शेजारी पडून राहायचं, तर निदान ओळख करून घ्यायचा त्रास तरी नाही.

अडचण फक्त आमच्या कबरीची होती, कारण तिच्यावर दोन घरं हक्क सांगत होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस येतो. त्या दिवशी सगळं गाव कब्रस्तानात जमतं, कबरी धुतल्या जातात, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडून जातात. आम्ही आमच्या मेणबत्त्या घेऊन पोचावं, तर खाडीकडच्या टोकाला राहणाऱ्या घराच्या मेणबत्त्या आधीच पेटलेल्या. मग पप्पा त्यांच्या मेणबत्त्या हळूच पायथ्याकडे सरकवायचे. त्यांचा मुलगा त्या पुन्हा डोक्याकडे आणायचा. फादर जवळ आले की दोघेही हात जोडून उभे. आमचं म्हणणं असं की कबर आमची, त्यांच्या पूर्वजांना आमच्या पूर्वजांनी दया येऊन जागा दिली. त्यांचं म्हणणं अगदी हेच, फक्त उलट. मी शाळेत असताना त्यांनी आपल्या म्हाताऱ्याला त्यात पुरलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

त्या म्हाताऱ्याच्या विधवेला आम्ही टोकाची आजी म्हणायचो. आणि आमच्या घरात तिच्याच वयाची माझी आत्या होती, पप्पांची थोरली बहीण.

आत्याबद्दल सांगायला हवं. तिनं लग्न केलं नव्हतं. गावातल्या लग्नाचे झगे आणि मयताचे कपडे दोन्ही ती एकाच मशीनवर शिवायची, आणि मयताचा कपडा शिवताना जास्त काळजी घ्यायची. कारण विचारलं तर म्हणायची, नवरी निदान तक्रार करू शकते. मला तिनंच वाढवलं असं म्हटलं तरी चालेल, कारण आई शाळेत शिकवायला जायची आणि मी मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळायचे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एकच मागणं होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं: मला माझ्या आईजवळ ठेवा.

तिची आई, म्हणजे माझी आजी, त्या कबरीत होती. आत्या लहान असतानाच ती गेली होती. आमच्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या कबरीत जाते. आत्याला नवरा नव्हता, म्हणजे बापाची कबर मिळाली तर मिळाली, नाहीतर कुंपणाकडची सामाईक रांग. त्या रांगेत काही वर्षांनी जागा लागली की हाडं काढतात आणि भिंतीजवळच्या विहिरीत टाकतात, सगळ्यांची एकत्र. आत्याला त्या विहिरीची भीती वाटायची. ती तसं स्पष्ट बोलून दाखवायची. मरणाची मात्र अजिबात नाही. तिचं मयताचं लुगडं आणि ब्लाउज ट्रंकेत तयार होते. दरवर्षी पावसाळा संपला की ती ते काढून अंगणातल्या दोरीवर उन्हात घालायची. एकदा गिरगावच्या शेजारीणबाईंनी खिडकीतून विचारलं, लग्न आहे का घरात? आत्या म्हणाली, हो, पण तारीख ठरायची आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नगरपालिकेत कारकून होते, जन्ममृत्यूच्या टेबलावर. लोक माझ्यासमोर रडत यायचे आणि दाखला घेऊन शांत होऊन जायचे, त्यामुळे कागदावर माझा फार विश्वास. त्याच सुमारास आमच्याकडची भातखाचरं विकली जायला लागली. बिल्डर यायचे, सगळ्या वारसांच्या सह्या मागायचे, आणि प्रत्येक घरात वंशावळ काढायचं काम निघायचं. आमच्या घराची वंशावळ मी काढली. इतकी सुबक की चुलत्यांनी तिच्या झेरॉक्स मागून नेल्या.

ती कशी काढली ते महत्त्वाचं आहे. आमच्यात रोज संध्याकाळी घरातली सगळी गुडघ्यावर बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, आणि शेवटी घरच्या मेलेल्यांची एकेक करून नावं घेतात. आधी सगळ्यांत अलीकडे गेलेल्याचं, मग त्याच्या आधीच्याचं, असं मागे मागे जात. आमच्या घरात ही नावं आत्या घ्यायची. तिच्या आधी तिचा बाप घ्यायचा. मी पाळण्यात असल्यापासून ती नावं ऐकलेली, पाढ्यांसारखी पाठ. फक्त बाप्तिस्म्याची नावं, आडनाव नाही. देवाला आडनावाची काय गरज? सगळ्यांत शेवटी एका बाईचं नाव यायचं आणि तिथं आत्या नेहमी थोडी थांबायची. मी हिशेब केला की शेवटची म्हणजे सगळ्यांत जुनी, म्हणून ती आमच्या खापरपणजोबांची आई. तिला मी वंशावळीच्या माथ्यावर बसवलं आणि भोवती चौकट काढली. गावातल्या कुणीही हेच केलं असतं. वंशावळीला कुणी हरकत घेतली नाही, जमीन विकली गेली, तिथं आज चार मजली बिल्डिंग आहे.

मग चर्चची नोटीस लागली. वस्ती इतकी वाढली होती की कब्रस्तान पुरेना. नवी ख्रिस्ती कुटुंबं कुठून कुठून येऊन राहिली होती आणि त्यांनाही मरण होतंच. तेव्हा जुन्या घरांनी आपापल्या कबरीची नोंद करून घ्यावी, त्यात कोण कोण आहे ते मृत्यूच्या नोंदींवरून दाखवावं, नाहीतर कबर सामाईक धरली जाईल. शिवाय हेही लिहिलं होतं की यापुढे एकदा पुरलं की पाच वर्षं कबर उघडायची नाही. आमची माती खारट, मिठागराची. तिला वेळ लागतो. ते पूर्वी सगळे अंदाजानं पाळायचे, आता तो नियम झाला.

नोटीस वाचून घरी आले आणि जेवताना आत्याकडे पाहिलं तेव्हा सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. टोकाची आजी आजारी होती. पाय सुजलेले, दम लागायचा. ती आधी गेली आणि त्यांनी तिला आमच्या कबरीत पुरलं, तर पाच वर्षं कबर बंद. त्या पाच वर्षांत आत्याला काही झालं तर ती गेली कुंपणाच्या रांगेत, आणि तिथून विहिरीत. आत्या सत्तरीच्या पुढची, प्रेशर होतं, आणि सुक्या बोंबलाची चटणी काही सुटत नव्हती.

पप्पांनी ताट बाजूला केलं आणि मला म्हणाले, आता तू बघ. जमिनीचं केलंस तसं याचंही कर, कबर आपल्या एकट्याच्या नावावर झाली पाहिजे. मी म्हटलं, आठवड्यात करते. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चर्चच्या ऑफिसात नोंदींची पुस्तकं होती. नवी इंग्रजीत, मधली लॅटिनमध्ये, जुनी पोर्तुगीजमध्ये. फादर मंगळुरूकडचे, मराठी शिकत होते, आणि पोर्तुगीज त्यांनाही माझ्याइतकंच येत होतं. पण मृत्यूची नोंद कोणत्याही भाषेत सारखीच असते. नाव, कोणाची बायको किंवा कोणाचा मुलगा, कशानं गेला, कुठे पुरला. पहिल्या दोन संध्याकाळींत मला त्या चार-पाच शब्दांची ओळख पटली. खरा घोळ नावांचा होता. आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, त्यामुळे एकच माणूस त्या पुस्तकांत दर चाळीसेक वर्षांनी पुन्हा मरताना दिसतो. मी त्यांना त्यांच्या बायकांवरून वेगळं केलं. बायका वेगवेगळ्या गावांतून आलेल्या, त्यामुळे त्यांची नावं तरी वेगळी. एकेक नाव सापडायचं तशी मी आत्याच्या प्रार्थनेतल्या क्रमावर खूण करायचे. क्रम बरोबर जुळत होता. आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या यादीत एकही माणूस पुढेमागे झालेला नव्हता. मला तिचा अभिमान वाटला.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मधली काही नावं आमच्या आडनावाची नव्हती. आत्या ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची त्यांतली चार-पाच माणसं टोकाच्या घरची होती. मी स्वतःशीच म्हटलं, असेल, आपल्या कबरीत आहेत म्हणून आपल्या पूर्वजांनी माणुसकीनं त्यांचीही नावं घेतली असतील. आपलं घर तसं मोठ्या मनाचं. असं म्हणत मी सगळ्यांत जुन्या पुस्तकाकडे आले, शेवटच्या बाईकडे, माझ्या चौकटीतल्या बाईकडे.

ती सापडली. टोकाच्या घरातल्या पुरुषाची विधवा. पुरलेली कुठे, तर नव्यानं घेतलेल्या तिच्या स्वतःच्या कबरीत. आणि तिच्या खालोखाल, त्याच पावसाळ्यातली, आमच्या आडनावाची पहिली नोंद. एक तान्हं मूल, तापानं गेलेलं. बाप मिठागरावरचा मजूर, खाडीपलीकडून आलेला. पुरलं कुठे, तर वरच्या विधवेच्या कबरीत, तिच्या मुलांच्या संमतीनं.

मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. फादरांनी लॅटिनच्या आधारानं तिचा अर्थ लावून दिला. मग वही बंद करून बाकावर बसले. आमच्या घराला या गावात मातीत जागा नव्हती. उपऱ्या मजुराचं पोर गेलं, तेव्हा शेजारच्या घरानं आपल्या आईची ताजी कबर उघडून तिच्या कुशीत ते ठेवू दिलं. तिथून आम्ही त्या कबरीत शिरलो आणि आम्हीच मेणबत्त्या सरकवत होतो. त्या बाईचं नाव आमच्या घरानं इतक्या पिढ्या रोज संध्याकाळी घेतलं, ते का घेतो एवढं मात्र विसरलं. आणि मी तिला आमच्या खापरपणजोबांची आई करून बिल्डरला देऊन टाकलं होतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरले, फादरांसमोरच.

कागद एका बाजूचा बघून सही करायची माझी सवय नाही. पप्पांनी त्या घराची पायरी चढायची नाही असं सांगितलं होतं, तरी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर टोकाच्या घरी गेले. आजी खाटेवर बसून होती, उशांना टेकून. डोळ्यांत मोतीबिंदू, पण मी कोण ते तिनं पावलांवरून ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी सरळ विचारलं, आजी, तुमच्याकडे रोझरीनंतर कोणाकोणाची नावं घेतात?

तिनं संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणायला सुरुवात केली, डोळे मिटून, गुडघ्यावर बसल्यासारखे हात जोडून. पहिलं तिच्या नवऱ्याचं, तेवढं एक आमच्याकडे घेत नव्हते. दुसरं माझ्या आजोबांचं. मग त्यांच्या घरचं एक, मग माझी आजी, आत्याची आई. आजोबांपासून पुढे मी तिच्याबरोबर मनात म्हणत होते आणि एकही नाव चुकत नव्हतं. तोच क्रम, तीच माणसं, आणि शेवटी ती बाई. तिच्या नावाआधी टोकाची आजीसुद्धा थोडी थांबली.

मी म्हटलं, आमच्याकडेही हेच म्हणतात. माझ्या आजोबांपासून पुढे अगदी असंच.

"तुमी तिचं पन नाव घेता?" तिनं विचारलं. "रोज?"

"रोज."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, चहात साखर जास्त टाक. भांडणाच्या इतक्या वर्षांत, दोन्ही घरांत रोज संध्याकाळी एकमेकांच्या आईबापांसाठी प्रार्थना चालू होती. बंद पडलं होतं ते फक्त जिवंत माणसांचं.

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पप्पांचा चेहरा पडला. मग ते चिडले. म्हणाले, पोर्तुगीज तुला कधीपासून यायला लागलं? मग म्हणाले, बरं, असेल तसं, पण फॉर्म भरून होईपर्यंत गप्प बस. मी म्हटलं, मी रोज दहा लोकांना खोटी तारीख घालून देत नाही म्हणून शिव्या खाते, आणि घरी येऊन हे करू? फॉर्मवर दोन्ही घरांची नावं जातील, त्यांचं वर, आपलं खाली. पप्पा आत्याकडे वळले. म्हणाले, अक्का, ही तुझी जागा घालवतेय.

आत्या मशीनवर बसली होती. तिनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवली, दोरा दातानं तोडला आणि मला एवढंच विचारलं, की माझी आई त्या बाईजवळच आहे ना? मी हो म्हटलं. मग ती उठली, लुगडं नीट केलं, मोजायची टेप गळ्यात होती ती तशीच राहिली, आणि चपला घातल्या. पप्पा कुठे म्हणून विचारेपर्यंत ती अंगणाबाहेर पडली होती. मी मागोमाग निघाले.

टोकाच्या घरात ती इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती. सुनेनं दारातच वाट अडवल्यासारखं केलं, मग बाजूला झाली. आत्या खाटेसमोर स्टुलावर बसली. लहानपणी दोघी एका बाकावर कॅटेकिझम, म्हणजे धर्माचे धडे, शिकल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

टोकाची आजीच आधी बोलली. "कबर तुजी का माजी, ते सांगाया आलीस?"

"तुजी हाय," आत्या म्हणाली. "पोरीनं वाचलं."

"मंग?"

"मंग तू पयली जा. तुजा नवरा हाय तिथं. मी थांबते. मना घाई न्हाय."

आजी हसली, आणि त्या हसण्यानं तिला दम लागला. सून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "आन तू मदीच गेलीस तं?"

"न्हाय जात," आत्या म्हणाली.

इतक्या ठामपणे म्हणाली की मला वाटलं, तिला खरंच तसा काही अधिकार असावा. मग तिनं आजीच्या सुजलेल्या दंडाकडे पाहिलं आणि तिचा धंद्याचा डोळा जागा झाला. मयताचा ब्लाउज शिवलेला आहे का, म्हणून विचारलं. आजी म्हणाली, आहे, पण आता दंडात चढत नाही. आत्यानं गळ्यातली टेप काढली आणि तिथंच माप घेतलं.

पुढचा आठवडाभर ती रोज दुपारी तिकडे जायची. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेलं कापड आणलं होतं, चांगलं दाट सुती. मशीनचं काम घरी करायची आणि हातशिलाई तिकडे जाऊन. मला बरोबर येऊ द्यायची नाही. एकदा बोलवायला गेले तर आतून दार लोटलेलं, आणि दोघींच्या बोलण्याचा बारीक आवाज. सून ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, मलाही बाहेर घालवलंय. एका ब्लाउजला एवढे दिवस कशाला लागतात, असं मी विचारलं. ती म्हणाली, विचार तुझ्या आत्याला, माझी छाती नाही.

टोकाची आजी नाताळानंतर गेली. आम्ही सगळे गेलो, पप्पासुद्धा. त्यांनी खांदा दिला. कबर उघडली, तिच्या नवऱ्याची हाडं बांधून बाजूला ठेवली आणि तिला निजवलं. निळ्या फुलांचा ब्लाउज तिला बरोबर बसला होता. त्या संध्याकाळी रोझरीनंतर आत्यानं पहिलं नाव टोकाच्या आजीचं घेतलं, दुसरं तिच्या नवऱ्याचं, आणि मग मागे मागे जात शेवटच्या बाईपर्यंत गेली. पप्पांनी मान खाली घालून आमेन म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून आत्या जगायला लागली.

दुसरा शब्द नाही त्याला. सुक्या बोंबलाची चटणी तिनं एका दिवसात सोडली, जी सोडवायला नवघरच्या डॉक्टरांना दहा वर्षं जमलं नव्हतं. प्रेशरची गोळी ती घड्याळाकडे बघून घ्यायची. पावसात पाय घसरेल म्हणून जून ते सप्टेंबर चर्चशिवाय कुठे जायची नाही. चुलतभावानं काशीमिऱ्याला हायवेवर गॅरेज काढलं, त्याच्या उद्घाटनाला सगळे निघालो, तर आत्या रिक्षाजवळ येऊन परत फिरली. म्हणाली, तिकडे ट्रक फार, मला आत्ता परवडणार नाही. गावाभोवती बिल्डिंगा वर चढत होत्या, रस्ते रुंद होत होते, आणि आत्या कडेकडेनं, दोन्हीकडे बघत, आपला जीव सांभाळत चालायची. मृतांच्या दिवशी आता दोन्ही घरांच्या मेणबत्त्या एकाच ओळीत लागायच्या. ती कबरीकडे वाकून बघायची, शेतकरी भात कितपत तयार झालं ते बघतो तशी.

मला मात्र झोप लागायची नाही. मीच तो कागद वाचला होता, मीच नावं लिहिली होती. ती मधेच गेली असती आणि आम्ही तिला कुंपणाच्या रांगेत नेलं असतं, तर ते मला जन्मभर पुरलं असतं. एका पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी पप्पांना बाहेर बोलावून नकारार्थी मान हलवली. फादर आले, त्यांनी कपाळाला तेल लावलं, शेवटची प्रार्थना म्हटली. आम्ही सगळे खाटेभोवती गुडघ्यावर. प्रार्थना संपल्यावर आत्यानं डोळे उघडले आणि फादरांना म्हणाली की तुम्ही आलात ते बरं केलंत, पण हे परत करावं लागेल. दीड वर्ष बाकी होतं. फादरांचं मराठी तोपर्यंत चांगलं झालं होतं, त्यांना सगळं समजलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना पाहिलं. ती उठली. महिन्याभरात मशीनवर बसली.

पाच वर्षं पुरी झाली तेव्हा टोकाच्या आजीचा मुलगा स्वतः आमच्या घरी आला. बराच वेळ पावसाबद्दल आणि नळाच्या पाण्याबद्दल बोलला. मग कसंबसं म्हणाला, आत्या, म्हणजे, आता कबर उघडता येते. ही अशी आनंदाची बातमी घेऊन आमच्या घरी दुसरं कुणी आलेलं नाही. आत्यानं त्याला फुगे दिले, आमचे ते तळलेले गोल पाव, आणि स्वतःही एक उचलला, पाच वर्षांत पहिल्यांदा तळलेलं. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "पन आता मना जायाची घाई न्हाय."

त्यानंतर ती आणखी दोन वर्षं मजेत जगली. चटणी पुन्हा सुरू केली. एका सकाळी चहा घेऊन गेले तर झोपेतच गेलेली, एक हात उशीखाली.

पप्पा आणि टोकाच्या घरचा मुलगा, दोघे मिळून कब्रस्तानात गेले, कबर उघडून घ्यायला. इकडे घरी आत्याला कपडे घालायला मी, आई आणि टोकाच्या घरची सून. सून न बोलावता आली होती. मी ट्रंक उघडली. लुगडं वर होतं, इस्त्री केलेलं, त्याखाली ब्लाउज. आणि त्याच्याही खाली घडी घातलेलं आणखी एक कापड, जे मी कधी दोरीवर उन्हात घातलेलं पाहिलं नव्हतं. मला आधी उशीचा अभ्रा वाटला. उलगडली तर पिशवी होती, लांबट, तोंडाशी नाडी ओवलेली. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं.

सुनेनं ती माझ्या हातातून घेतली. "हे आईंच्या ब्लाउजचं कापड," ती म्हणाली.

मग मला कळलं की ती पिशवी कशासाठी आहे. त्या क्षणी कब्रस्तानात टोकाच्या आजीची हाडं गोळा होत असतील आणि ती कशात तरी बांधावी लागतील. आत्यानं त्याचीही सोय करून ठेवली होती. तिच्याकडे माप होतंच.

पण सून पिशवी तशीच धरून उभी होती, खिडकीकडे तोंड करून. पिशवीच्या बाजू मशीनच्या होत्या, सरळ, आत्याच्या. नाडीभोवतीची पट्टी मात्र हातानं शिवलेली होती, मोठ्या मोठ्या टाक्यांनी, वाकडी, एक टाका वर तर एक खाली. आत्यानं असं काम केलं असतं तर स्वतःच उसवून टाकलं असतं. सून त्या टाक्यांवरून बोट फिरवत होती.

"हे आईंचे टाके," ती म्हणाली. "दिसायचं बंद झाल्यावर असेच घालायच्या."

तिनं पिशवीची घडी केली, पदराखाली घेतली आणि ती द्यायला स्वतःच कब्रस्तानाकडे निघाली. मी आत्याला ब्लाउज चढवायला वळले.